समुद्रकाठच्या एका गावाची निवडणूक
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात झालेले भाषण)



या संमेलनात बोलण्याविषयी चिटणिसांचे पत्र आले, तेव्हा आम्ही 'इंग्लंडमधील समुद्रकाठच्या एका गावाची नगरपालिका-निवडणूक' हा विषय कळविला. तो वाचून त्यांस आश्चर्य वाटले असल्यास नवल नाही. ज्ञातिसंमेलनात विद्यार्थ्यांचा गुणगौरव व्हावा, वसतिगृहाच्या निधीचे आवाहन व्हावे, वधूवरसूचीविषयी चार शब्द व्हावेत, अशी रीत आहे. सातासमुद्रांपलीकडील गावाचा केरकचरा कोणी उचलावा याच्याशी आपल्या मंडळाचा संबंध काय, असा प्रश्न कोणासही पडेल. संबंध आहे, आणि तो सांगितल्यावाचून पुढे जाणे योग्य नव्हे.

गेल्या नगरपालिका-निवडणुकीत एकाच प्रभागातून आपल्या ज्ञातीचे दोन गृहस्थ परस्परांविरुद्ध उभे राहिले, हे आपणांपैकी बहुतेकांस ठाऊक आहे. दोघेही सज्जन, दोघेही मंडळाचे आजीव सभासद. त्या वेळी, 'मंडळाने दोहोंपैकी एकास समाजाचा अधिकृत उमेदवार म्हणून जाहीर करावे व सर्व कुटुंबांनी त्यासच मत द्यावे', अशी मागणी कार्यकारिणीपुढे आली. कार्यकारिणीने निर्णय लांबणीवर टाकला. निवडणूक उरकली आणि दोघेही पडले. कटुता मात्र निवडून आली! दोन घरांचे हळदीकुंकवाचे येणेजाणे थांबले. आता तीच मागणी मंडळाच्या नियमांतील दुरुस्ती म्हणून येत्या सर्वसाधारण सभेपुढे यावयाची आहे. आमचा तीस विरोध आहे, हे प्रारंभीच सांगून टाकतो. परंतु स्वतःच्या घरातील तंट्याविषयी बोलू लागले की माणसाचा आवाज चढतो आणि कान बंद होतात. म्हणून आम्ही दूरचे उदाहरण घेतले आहे. मुख पाहावयाचे झाले तरी आरसा हातभर लांब धरावाच लागतो.

त्या गावाचे नाव वर्दिंग. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, वेस्ट ससेक्स परगण्यात, ब्रायटन शहराच्या पश्चिमेस दहा-अकरा मैलांवर ते वसले आहे. २०२१ च्या खानेसुमारीत त्याची वस्ती १ लाख ११ हजारांच्या घरात होती. म्हणजे आपल्याकडील एखाद्या मध्यम नगरपालिकेएवढे गाव. समोर समुद्र, गोट्यांचा किनारा, समुद्रात शिरलेला लांब धक्का आणि मागे हिरव्या टेकड्या. हा धक्का १८६२ साली प्रथम खुला झाला. नोकरीतून निवृत्त झालेल्या मंडळींनी येथे येऊन उर्वरित आयुष्य शांतपणे कंठावे, अशी या गावाची कित्येक पिढ्यांची ख्याती. ऑस्कर वाइल्ड या नाटककाराने १८९४ च्या उन्हाळ्यात येथे राहून आपले सर्वांत गाजलेले नाटक लिहिले आणि त्याच्या नायकास गावाचेच नाव आडनाव म्हणून दिले.

या गावास नगरपालिकेची सनद १८९० साली मिळाली. त्यानंतर तीनच वर्षांनी, १८९३ मध्ये, तेथे विषमज्वराची भयंकर साथ आली. पिण्याच्या पाण्याचा साठा दूषित झाला होता. त्या एका वर्षात सुमारे दोनशे माणसे दगावली. हवापालटासाठी लोकांनी यावे असा ज्या गावाचा लौकिक, तेथून लोक पळू लागले. नगरपालिका म्हणजे काय, हे त्या गावास त्या वर्षी कळले. राज्यावर राजा कोण आहे, पार्लमेंटात कोणता पक्ष आहे, याचा सामान्य माणसाच्या घरात प्रवेश होण्यास वेळ लागतो. नगरपालिकेचा कारभार मात्र नळाच्या तोटीतून थेट स्वयंपाकघरात येतो. आमच्या मते कोणत्याही नगरपालिका-निवडणुकीचा विचार या तोटीपासूनच सुरू केला पाहिजे.

याच गावाच्या इतिहासातील आणखी दोन गोष्टी सांगण्याजोग्या आहेत. इंग्लंडात १९०७ च्या कायद्याने स्त्रियांस नगरपालिकांचे सभासद होण्याची मुभा मिळाली. एलन चॅपमन या बाई १९१० साली वर्दिंगच्या नगरपालिकेत निवडून आल्या. त्या तेथील पहिल्या स्त्री-सभासद. १९१४ साली त्यांस नगराध्यक्ष करावे असे घाटत होते, तेव्हा युद्धकाळी त्या पदावर स्त्री नको म्हणून त्यांस डावलण्यात आले. बाईंनी धीर सोडला नाही. १९२० साली त्याच नगरपालिकेने त्यांस नगराध्यक्ष केले. ही झाली अभिमानाची गोष्ट.

दुसरी गोष्ट तशी नाही. १९३३ साली चार्ल्स बेंटिंक बड नावाच्या तेथील एका सभासदाने, आपण ऑस्वाल्ड मोस्ले यांच्या काळ्या सदऱ्याच्या फॅसिस्ट पक्षाचे आहोत, असे जाहीर केले. लोकांनी त्यांस निवडून दिले तेव्हा त्यांच्या अंगात हा सदरा नव्हता. ९ ऑक्टोबर १९३४ रोजी धक्क्यावरील सभागृहात मोस्ले यांची सभा झाली आणि बाहेर रस्त्यावर लोकांच्या व काळ्या सदरेवाल्यांच्या चकमकी उडाल्या. त्यावरून मोस्ले व बड यांच्यावर खटला झाला व त्यात ते निर्दोष सुटले. शांत म्हणून नावाजलेल्या गावातही, मतदार निश्चिंत झोपला की काय घडू शकते, एवढ्यापुरतीच ही गोष्ट आम्ही सांगितली.

आता निवडणुकीकडे वळू. आम्ही जिची कथा सांगणार आहोत ती निवडणूक ५ मे २०२२ रोजी झाली. त्या वेळी वर्दिंगच्या नगरपालिकेत ३७ सभासद व १३ प्रभाग होते. बहुतेक प्रभागांतून तीन, दोन प्रभागांतून दोन. परंतु हे सर्व सभासद एकदम निवडले जात नसत. प्रत्येक निवडणुकीस सुमारे एक तृतीयांश सभासद निवृत्त होत व तेवढ्याच जागांसाठी मतदान होई. असे लागोपाठ तीन वर्षे, आणि चौथे वर्ष परगण्याच्या निवडणुकीसाठी मोकळे. शाळेतील भाषेत सांगावयाचे तर वार्षिक परीक्षेबरोबर चाचणी परीक्षाही होत असे. पास झालेल्यास चार वर्षे निजण्याची सोय नव्हती.

कारभाराचीही दोन पायऱ्यांत वाटणी होती. शाळा, रस्ते, ग्रंथालये, वृद्धांची देखभाल ही परगण्याच्या मंडळाकडे. केरकचरा, घरबांधणी, बांधकामाच्या परवानग्या, उद्याने व समुद्रकिनारा ही नगरपालिकेकडे. करपट्टी एकच येई, परंतु तिचे वाटेकरी निराळे. त्यामुळे रस्त्यातील खड्ड्याबद्दल नगरपालिकेच्या सभासदास दारात उभे करून झाडावे आणि त्याने, 'खड्डा परगण्याचा आहे', असे म्हणावे, हा प्रकार तेथेही चालतो. आपल्याकडे 'हा रस्ता बांधकाम खात्याकडे वर्ग झाला आहे' हे उत्तर आपण ऐकतो, त्याचेच हे भावंड.

उमेदवारास अनामत रक्कम भरावी लागत नाही. खर्चास कायद्याची मर्यादा आहे आणि ती फार लहान आहे. मूळ रक्कम हजार पौंडांच्या आत, आणि तीवर दर मतदारामागे काही पेन्स. एवढ्या पैशांत ध्वनिक्षेपक, मिरवणुका आणि जेवणावळी बसत नाहीत. छापील पत्रक दाराच्या फटीतून आत टाकावे, घंटा वाजवावी, दार उघडलेच तर नम्रपणे दोन शब्द बोलावेत, हाच तेथील प्रचार. मतदान गुरुवारी, सकाळी ७ पासून रात्री १० पर्यंत. शाळा, चर्चचे सभागृह, अशा ठिकाणी पेटी ठेवलेली असते. मतदार कागदी मतपत्रिका घेतो, आडोशाला जातो आणि दोरीने बांधलेल्या साध्या शिसपेन्सिलीने नावापुढे फुली मारतो. बोटाला शाई लावीत नाहीत. २०२३ च्या मे महिन्यापासून मात्र छायाचित्र असलेले ओळखपत्र दाखवावे लागते.

वर्दिंग हा हुजूर पक्षाचा गड समजला जात असे. मध्यंतरी काही वर्षे उदारमतवाद्यांच्या हाती नगरपालिका होती, ती २००४ साली हुजूर पक्षाने परत मिळविली. मजूर पक्षाचे नाव तेथे कोणी गंभीरपणे घेत नसे. चार दशके त्या पक्षाचा एकही सभासद नगरपालिकेत नव्हता. अशा स्थितीत २०१७ साली मरीन या समुद्राकाठच्या प्रभागात हुजूर पक्षाकडील एक जागा रिकामी झाली आणि पोटनिवडणूक लागली. १० ऑगस्ट २०१७ रोजी मतदान झाले. मजूर पक्षातर्फे बेकी कूपर या सार्वजनिक आरोग्याच्या क्षेत्रात काम करणाऱ्या डॉक्टर बाई उभ्या होत्या, आणि त्या निवडून आल्या. ४१ वर्षांनंतर त्या गावात मजूर पक्षाचा सभासद निवडून येत होता. ३७ जणांच्या सभेत त्या पक्षाच्या त्या एकट्या.

एकटा सभासद काय करू शकतो, असे आपण विचारू. ठराव संमत करून घेऊ शकत नाही, हे खरे. परंतु प्रश्न विचारू शकतो. आणि त्याहून महत्त्वाचे असे की, 'या गावात हे होतच नाही' या वाक्याचा तो चालताबोलता खोडा असतो. लोकांनी हे पाहिले. २०१८ च्या व २०१९ च्या निवडणुकांत मजूर पक्षाची संख्या वाढत गेली. २०२० ची निवडणूक साथीच्या आजारामुळे एक वर्ष पुढे गेली. २०२१ मध्ये ती झाली तेव्हा तिच्यातही ती वाढली. आणि ५ मे २०२२ रोजी त्या पक्षास स्पष्ट बहुमत मिळाले. नगरपालिकेच्या इतिहासात मजूर पक्षाची सत्ता प्रथमच आली. एका जागेपासून बहुमतापर्यंतचा हा प्रवास पाच वर्षांहूनही थोड्या काळात झाला. कूपरबाई नगरपालिकेच्या नेत्या झाल्या. पुढे ४ जुलै २०२४ च्या पार्लमेंटच्या निवडणुकीत वर्दिंग वेस्ट मतदारसंघात त्यांनी सर पीटर बॉटमली यांचा पराभव केला. बॉटमली हे १९७५ पासून पार्लमेंटात होते आणि सभागृहातील ज्येष्ठतम सभासदाचा मान त्यांचा होता.

कोणता पक्ष चांगला व कोणता वाईट, हे ठरविण्यासाठी आम्ही ही कथा सांगत नाही. हुजूर असो वा मजूर, आपणांस त्यांचे सोयरसुतक नाही; आणि आज जो पक्ष वर चढला तो उद्या खाली येईल, हे तेथील लोक आपणांहून अधिक जाणतात. आमचे लक्ष मतदारावर आहे. ज्या घरात आजोबांनी, वडिलांनी व मुलाने एकाच चिन्हास मत दिले, त्या घरातील सुनेने किंवा नातवाने एके दिवशी ते पत्रक वाचले, दारात आलेल्या बाईंस दोन प्रश्न विचारले आणि आपल्या मनाने निराळी फुली मारली. इंग्लंडात आपल्यासारखी जात नाही, असे आपण म्हणतो. परंतु वाडवडिलांपासून ठरून गेलेले मत ही देखील एक जातच होय. 'आम्ही अमक्याचे' असे न तपासता म्हणणे हेच जातीच्या मतदानाचे मर्म, मग ते 'अमके' म्हणजे कुळ असो, पक्ष असो वा गल्ली असो. वर्दिंगच्या मतदाराने ही जात सोडली, आणि तसे करताना त्याच्या घरात कोणी कोणास वाळीत टाकले नाही.

येथे एक आक्षेप येईल व तो रास्त आहे. कोणी म्हणेल, गुरुजी, हे सर्व मनपरिवर्तन नव्हे, माणसेच बदलली. त्यात तथ्य आहे. ब्रायटनमध्ये आणि लंडनमध्ये घरांच्या किमती गगनाला भिडल्या, म्हणून तरुण कुटुंबे वर्दिंगकडे सरकली. शिवाय २०२२ च्या वसंतात महागाई वाढत होती आणि साथीच्या निर्बंधकाळात पंतप्रधानांच्याच कचेरीत मेजवान्या झडल्याचे उघड होऊन देशभर हुजूर पक्षाविषयी संताप होता. ही कारणे आम्ही नाकारीत नाही. परंतु नव्या कुटुंबाची घंटा कोणीतरी वाजवावी लागते, आणि संतापास कोणीतरी योग्य उमेदवार पुढे आणून द्यावा लागतो. वारा सर्वांसाठी सुटतो. शीड ज्याने उभारले त्याची होडी चालते. कोकणातून आलेल्या आपल्या कुटुंबांस हे निराळे सांगावयास नको.

दुसरा आक्षेप आम्हीच घेतो. इंग्लंडचे सर्व सोने आहे असे समजू नये. तेथे नगरपालिकांच्या निवडणुकीस सामान्यतः तीन मतदारांपैकी एकच, फार तर त्याहून थोडे अधिक लोक मत देण्यास जातात. दोन तृतीयांश घरी बसतात आणि मग खड्ड्यांविषयी वर्तमानपत्रास पत्रे लिहितात. मुदती लांबण्याचा रोगही केवळ आपलाच नाही. मुंबई महानगरपालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि निवडणूक १५ जानेवारी २०२६ रोजी झाली; मधली जवळजवळ चार वर्षे प्रशासकाचा कारभार होता. वर्दिंग ज्या वसंतात मत देत होते त्याच वसंतात मुंबईची पेटी बंद झाली, हे मनास लागते खरे. परंतु वेस्ट ससेक्स परगण्याची मे २०२५ मधील निवडणूकही, स्थानिक कारभाराच्या फेररचनेचे कारण देऊन, तेथील सरकारने एक वर्ष पुढे ढकललीच. सत्तेस मतदारासमोर उभे राहण्याचा कंटाळा सर्वत्र सारखाच असतो. म्हणूनच मतदाराने कंटाळून चालत नाही.

एका मताचे मोल काय, हेही एका समुद्रकाठच्याच गावाने दाखविले आहे. इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर ब्लाइथ नावाचे बंदर आहे. मे २०१७ मध्ये नॉर्दंबरलँड परगण्याच्या निवडणुकीत साउथ ब्लाइथ प्रभागात हुजूर व उदारमतवादी उमेदवारांस अगदी समसमान मते पडली. पुन्हा मोजली तरी तितकीच. शेवटी कायद्याप्रमाणे दैवावर सोपविण्यात आले. दोघांनी एकेक काडी ओढली, लांब काडी उदारमतवादी उमेदवार बाईंच्या हाती आली आणि त्या निवडून आल्या. त्या एका काडीने हुजूर पक्षाचे परगण्यातील बहुमत हुकले. त्या दिवशी त्या प्रभागात किती माणसे पाऊस, पाहुणे किंवा आळस यांमुळे घरी राहिली असतील, याचा विचार करावा. त्यांतील एकाने जरी जोडे घातले असते, तर काडीचे काम पडले नसते.

आता या सर्वांचा आपल्याशी असलेला प्रत्यक्ष धागा सांगतो. पहिला धागा जुना आहे. आपल्या देशात निवडलेल्या सभासदांची स्थानिक मंडळे असावीत, हा विचार त्याच इंग्लंडच्या नगरपालिकांवरून आला. मुंबईत १८७२ च्या कायद्याने ६४ पैकी निम्मे सभासद करदात्यांनी निवडावेत असे ठरले. आणि १८ मे १८८२ रोजी लॉर्ड रिपन यांच्या सरकारने स्थानिक स्वराज्याचा सुप्रसिद्ध ठराव केला. या संस्था म्हणजे लोकशिक्षणाच्या शाळा व्हाव्यात, हा त्यामागील हेतू होता. उभा जन्म शाळेत काढलेल्या माणसास ही कल्पना विशेष भावते. शाळेत नक्कल करून पास झालेला मुलगा आणि दुसऱ्याने सांगितले तेथे ठसा उमटविणारा मतदार, यांत आम्हांस फारसा भेद दिसत नाही. दोघांच्याही हाती निकाल येतो, ज्ञान येत नाही.

दुसरा धागा ब्रायटनच्या टेकडीवर आहे. पहिल्या महायुद्धात जखमी झालेल्या हिंदी सैनिकांसाठी ब्रायटनच्या राजवाड्यात रुग्णालय उघडले होते. त्यांपैकी जे हिंदू व शीख सैनिक वारले, अशा ५३ जणांस गावाबाहेरील टेकडीवर अग्नी देण्यात आला. त्या जागी संगमरवरी छत्री उभी आहे. तिचा आराखडा मुंबईचे तरुण वास्तुशिल्पी ई. सी. हेन्रिक्स यांचा, आणि १ फेब्रुवारी १९२१ रोजी तिचे अनावरण झाले. तिचा निम्मा खर्च ब्रायटनच्या नगरपालिकेने सोसला. घरापासून हजारो मैलांवर वारलेल्या परक्या माणसांची आठवण जपणे, हेही नगरपालिकेचे काम होऊ शकते! त्या सभेत त्या प्रस्तावास मत देणारे सभासद आपल्या ज्ञातीचे नव्हते, धर्माचे नव्हते, वर्णाचेही नव्हते.

तिसरा धागा आजचा आहे, आणि येथे बसलेल्या अनेक घरांस तो उपयोगी पडेल. आपल्यापैकी कित्येकांची मुलेमुली शिक्षणासाठी वा नोकरीसाठी इंग्लंडात आहेत. त्या दक्षिण किनाऱ्यावरील रुग्णालयांतही आहेत. आमचा एक जुना विद्यार्थी तेथेच नोकरीस आहे, आणि या गावाविषयीचे आमचे कुतूहल त्याच्याच पत्रांतून जागे झाले. पुष्कळांस ठाऊक नसते की, राष्ट्रकुलातील देशाचा नागरिक कायदेशीर परवान्याने इंग्लंडात राहत असेल, तर भारतीय पारपत्र न सोडताही त्यास तेथील मतदारयादीत नाव घालता येते, नगरपालिकेस व पार्लमेंटासही मत देता येते. ओळखीसाठी आपले भारतीय पारपत्र चालते. मुलास पत्र लिहाल तेव्हा, जेवतोस ना, थंडीचे कपडे घालतोस ना, यांबरोबर यादीत नाव घातलेस ना, हेही विचारावे. आणि मग तो विचारील की, 'बाबा, तेथे मला कोणी जात विचारीत नाही. मी मत कोणास द्यावे?' तेव्हा त्यास काय उत्तर द्याल? 'पत्रक वाच, उमेदवारास प्रश्न विचार आणि तुला योग्य वाटेल त्यास दे', हेच ना? मग जे उत्तर आपण परदेशातील पुत्रास देऊ, तेच उत्तर या गावातील सुनेस व मुलीस देण्यास आपणांस अडचण का वाटावी?

आता त्या दुरुस्तीविषयी. तिच्या पुरस्कर्त्यांचा हेतू वाईट आहे, असे आम्ही म्हणत नाही. आपली ज्ञाती लहान. मते विभागली तर कोणीच विचारीत नाही. एकजूट दाखविली तर पाण्याची वाहिनी तरी आपल्या वाडीपर्यंत येईल, असा त्यांचा युक्तिवाद आहे. दुर्लक्षित राहिलेल्या माणसाचा तो युक्तिवाद आहे आणि त्याची थट्टा करण्याचा अधिकार कोणासही नाही. परंतु गठ्ठ्याने दिलेल्या मतांचा सौदा गठ्ठा बांधणाऱ्याशी होतो, मत देणाऱ्याशी होत नाही. जो उमेदवार चार पुढाऱ्यांस भेटून अडीचशे मते मिळवितो, त्यास अडीचशे दारांवर जाण्याची गरज राहत नाही. आणि जो दारावर आला नाही, त्यास तुमची तोटी कोरडी आहे हे कळणार कसे? वर्दिंगमधील ती जागा दारोदार फिरून मिळाली. ज्या गावाची मते वर्षानुवर्षे ठरलेली होती, त्या गावाच्या दारांवर कोणीच फारसे येत नव्हते. हरणाराही येत नव्हता आणि जिंकणाराही येत नव्हता. ठरलेल्या मताची किंमत शून्य असते. बदलू शकणाऱ्या मतालाच भाव असतो, आणि हा भाव रुपयांचा नव्हे, ऐकून घेण्याचा आहे.

दुसरे असे की, इंग्लंडात धर्मादाय संस्थेस कोणत्याही पक्षाचा वा उमेदवाराचा पुरस्कार करण्यास मनाई आहे. तिने आपल्या कामाशी निगडित प्रश्न मांडावेत. मत कोणास द्यावे हे सांगू नये. या मनाईमागील शहाणपण आपणही घेण्यासारखे आहे. वसतिगृहाच्या निधीस देणगी देणाऱ्या गृहस्थाने एका उमेदवारास मत दिले असेल आणि शिष्यवृत्ती घेणाऱ्या मुलाच्या आईने दुसऱ्यास. मंडळ जर तिसऱ्याचे होऊन बसले, तर ते दोघांचेही राहिले नाही. गेल्या साठ-सत्तर वर्षांत या मंडळाने जे काही उभे केले ते, येथे येताना माणसाने पक्ष दाराबाहेर ठेवावा, या अलिखित नियमाच्या बळावर उभे केले. तो नियम लेखी करावयाचा सोडून त्याच्या उलट लिहून ठेवणे, हे पूर्वजांच्या पायावर भिंत बांधणे नव्हे, पाया उकरणे होय.

मग मंडळाने हात बांधून बसावे काय? मुळीच नव्हे. आम्ही तीन कामे सुचवितो. पहिले, मतदारयादी प्रसिद्ध होताच स्वयंसेवकांनी घरोघर जाऊन नावे तपासावीत. लग्न होऊन आलेल्या सुनांची, अठरा वर्षे पूर्ण झालेल्या मुलामुलींची व भाड्याच्या घरांत राहणाऱ्यांची विशेषेकरून. दुसरे, तेथे मतदानापूर्वी सर्व उमेदवारांस एका व्यासपीठावर बोलावून नागरिकांनी प्रश्न विचारण्याची पद्धत आहे. तशी सभा आपल्या या सभागृहात व्हावी आणि तीत ज्ञातीबाहेरील उमेदवार व ज्ञातीबाहेरील मतदार यांसही मुक्तद्वार असावे. तिसरे, पाणी, गटारे, दिवे व शाळा यांविषयी आपल्या वस्तीच्या मागण्यांचा एक कागद तयार करून तो प्रत्येक उमेदवाराच्या हाती द्यावा आणि निवडणुकीनंतर वर्षाच्या आत, निवडून आलेल्यास येथे बोलावून तोच कागद त्याच्यापुढे ठेवावा. ही चाचणी परीक्षा आपण स्वतः सुरू केली, तर कोणत्या ज्ञातीचा सभासद निवडून आला याची चिंता पुष्कळ कमी होईल.

आणि त्या दोन गृहस्थांविषयी एक शब्द. ते दोघेही येथे उपस्थित आहेत, याचा आम्हांस आनंद वाटतो. एकाच प्रभागातून दोघे उभे राहिले यात ज्ञातीचा काही अपमान झाला, असे आम्हांस वाटत नाही. सार्वजनिक कामाची हौस असलेली दोन माणसे आपल्यात निघाली, ही लाज वाटण्याची गोष्ट नाही. त्यांनी पुढच्या खेपेसही अवश्य उभे राहावे, एकमेकांविरुद्ध उभे राहावे लागले तरी राहावे, परंतु मतमोजणीच्या संध्याकाळी एकाने दुसऱ्याच्या घरी चहास जावे. एवढे झाले तर हळदीकुंकवाचे निमंत्रण आपोआप जाईल. त्यासाठी नियमांत दुरुस्ती करण्याचे कारण पडणार नाही.

सर्वसाधारण सभेत आपण सर्वांनी उपस्थित राहून, दोन्ही बाजू ऐकून, आपल्या मनाने हात वर करावा. आमच्या सांगण्यावरून नव्हे.